ठमाबाईचा गॅस आणि कॉलेजातली चकती

ठमाबाईच्या रंगाला, उंचीला, बोलण्याला, फार काय, तिच्या मढच्या माहेराला कुणी नावं ठेवली तरी ती आधी ऐकून घ्यायची आणि मग दुपटीनं परत करायची. तिच्या गोबरगॅसला मात्र कुणी काही बोललं की ऐकून घेणं तिथंच संपायचं.

अवसरी खुर्दच्या शिवारात, मळ्यातल्या घरामागं, गोठ्याला लागून ती टाकी आहे. बांधली नवऱ्यानं, चांगदेवनं, मोठ्या हौसेनं. आणि पहिल्या पावसाळ्यातच कंटाळून सोडून दिली. पुरुषांच्या हौसेचं हे असंच. ठमाबाईनं ती हातात घेतली ती घेतलीच. आसपासच्या टाक्या एकेक करून निजल्या, कुणाच्या टाकीत एरंड उगवला, कुणी वर सरपण रचलं. ठमाबाईच्या टाकीवरचा लोखंडी ड्रम मात्र रोज सकाळी चारा खाऊन बसलेल्या म्हशीच्या पोटासारखा वर आलेला. शेण कालवायच्या कुंडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला खपत नसे.

"टाकी म्हंजी जनावरच हाय," ती सांगायची. "आपन घातलं तर ती देती. उपाशी ठिवून धार काढाया गेलं तर लाथच बसनार."

तिचा मुलगा भरत चाकणला कंपनीत. सून हर्षाली ही कळंबकडची, शेतकऱ्याचीच मुलगी, पण शिकत शिकत इतकी पुढं गेलेली की हायवेपलीकडच्या एका खाजगी कॉलेजात शिकवायची आणि वर पीएचडीही करायची. सासूला सून शिकलेली आहे याचा अभिमान होता आणि रागही होता. दोन्ही एकाच वेळी असू शकतात; ज्यांना सासू नाही त्यांनाच याचं नवल वाटतं.

पीएचडीचा विषय होता सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल. नाव लांबलचक आणि वस्तू एवढीशी. चिनी मातीच्या जातीची, रुपयापेक्षा जरा मोठी चकती. ती भट्टीत लाल होईतो तापवायची. एका अंगाला हवा सोडायची, दुसऱ्या अंगाला गॅस. हवेतला ऑक्सिजन चकतीच्या अंगातून आरपार जातो, पलीकडं गॅसला भेटतो आणि त्या भेटीत वीज तयार होते. जाळ नाही, धूर नाही, फिरणारं चाक नाही.

हे हर्षालीनं सासूला भाकऱ्या थापता थापता समजावलं होतं.

"म्हंजी भितीआडून दोघांची गाठ पडायची," ठमाबाई म्हणाली, "आन् उजेड शेजाऱ्याच्या घरात."

"अगदी तसंच, आई."

"मंग आमच्या येळंला गावात लई वीज व्हती."

आता हर्षालीची अडचण अशी. या चकत्या शुद्ध हायड्रोजनवर छान चालतात. पण शुद्ध हायड्रोजन आणायचा पुण्याहून, सिलिंडरमधून. आणि तिला हवी होती गावच्या गॅसवर, गोठ्याशेजारी चालणारी चकती. गावच्या गॅसमध्ये असतो गंधक. चकतीच्या गॅसकडच्या अंगावर निकेलचा थर असतो, सगळं काम तिथं चालतं. आणि एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसा हा गंधक निकेलवर जागा धरून बसतो. मग गॅसला उभं राहायला जागा नाही आणि वीज घसरते. हर्षालीनं त्या थरात सेरिया नावाची फिकट पिवळी पूड मिसळायला घेतली होती. पूड नीट जमली तर गंधक येऊनही चकती तग धरेल, असा तिचा हिशेब. शिवाय गॅसच्या वाटेवर गंजलेल्या लोखंडी किसाची नळी बसवलेली. बराचसा गंधक तो कीसच पिऊन टाकतो.

गॅस न्यायचा ठमाबाईच्या टाकीतून, ट्रॅक्टरच्या चाकाच्या ट्यूबमध्ये भरून. फुगलेली काळी ट्यूब स्कूटीवर मागं बांधून हर्षाली निघाली की फाट्यावरच्या टपरीवाल्याला चेव यायचा.

"काय वैनी, घोडनदीला पवायला का?"

"तुम्ही चला बुडायला," हर्षाली म्हणायची आणि पुढं जायची. सासूच्या हाताखाली एवढं तर कुणीही शिकतं.

ठमाबाईनं मात्र ही बातमी साऱ्या शिवारात पोचवली होती. कॉलेज आपल्या शेणावर चालतं, असंच ती सांगायची. दूध घालायला डेअरीवर गेली की म्हणायची, "तुमचं दूध पुन्याला जातंय, आमच्या गायांचं श्यान पीएचडीला बसलंय."

सुरुवातीच्या चाचण्या झकास झाल्या. हर्षाली सकाळी घाईत, कुणाला न सांगता ट्यूब भरून न्यायची आणि चकती चांगली चालायची. मग खऱ्या चाचण्या सुरू झाल्या, ज्यांचे आकडे प्रबंधात जायचे. आता ती सासूला आधी सांगू लागली, "आई, परवा ट्यूब न्यायची आहे हं."

आणि तिथंच घात झाला.

परवा न्यायची म्हणजे पावणं येणार. पावण्यांना काय रोजचं वाढतात? ठमाबाई उठायची, बराखीत शिरायची. बराख म्हणजे कांदा साठवायची जाळीची खोली. पिकवणाऱ्याच्या दारी ती असतेच आणि तिच्यात सडका कांदाही असतोच. तो निवडून तिनं पाटीत भरायचा, खोऱ्यानं ठेचायचा आणि कुंडीत सोडायचा. कांद्यानं टाकी खदखदायची. ड्रम असा वर यायचा की बघत राहावं. शेगडीच्या गॅसला उग्र वास मारायचा, तर ती खुशीत म्हणायची, गॅस कसा तेज झालाय!

हे सगळं हर्षाली कॉलेजात असताना. पाहुणचार काय सांगून करतात?

कॉलेजात चकती सुरू झाली की थोड्याच वेळात आकडा मान टाकायचा. हर्षालीनं थर बदलला, भट्टी बदलली, नळीतला कीस नवा भरला. कीस बिचारा दुपारपर्यंतच भरून जायचा. गॅसमध्ये धरलेला तपासणीचा कागद काळाठिक्कर. एक दिवस ती कागद घेऊनच गोठ्यात आली.

"आई, गॅसमध्ये गंधक फार येतोय. टाकीत काय घालता तुम्ही?"

"श्यान."

"आणि?"

"आन् पानी. शेणात काय आता बुंदी सोडू?"

ठमाबाई खोटं बोलली नव्हती. दारच्या कुत्र्याला घातलेला तुकडा आपण आज काय रांधलं त्यात कोण धरतं? तसा सडका कांदा तिच्या मनात 'घालण्यात' जमाच नव्हता. आणि हर्षालीनं कुंडीत डोकावून पाहायला हवं होतं, हेही खरंच. पण पीएचडीवाली माणसं कागदावर जेवढा विश्वास ठेवतात तेवढा नाकावर ठेवतील तर ना!

तेवढ्यात सरांनी, म्हणजे तिच्या गाइडनी, सांगून टाकलं. अजून एकदा गावच्या गॅसवर पाहू. पुन्हा घसरली तर हायड्रोजनचे सिलिंडर मागवू आणि विषयातून गाव काढून टाकू. हर्षालीनं घरी येऊन हे सांगितलं. ज्या कामासाठी तिनं हे सारं मांडलं होतं तेच विषयातून जाणार होतं. ठमाबाईला विषयबिषय कळला नाही. 'गाव काढून टाकू' एवढं कळलं. डेअरीवर आता काय तोंड दाखवायचं?

सर म्हणाले, आधी दुसऱ्या एखाद्या टाकीचा गॅस लावून बघ. दुसरी चालू टाकी शोधता शोधता हर्षाली गेली नारायणगावला, भंवरलाल शेटजींकडं. शेटजींचं पेंडीचं दुकान, घरामागं चार गाई आणि छोटीशी टाकी. ठमाबाईच्या घरी पेंड त्यांच्याकडूनच यायची, त्यामुळं ओळख जुनी. ट्यूब भरून आणली, चकती लावली. दिवसभर आकडा जागचा हलला नाही.

संध्याकाळी जेवताना हर्षाली भाबडेपणानं बोलून गेली, "प्यारीबाईंच्या गॅसवर काय सुंदर चालली चकती!"

प्यारीबाई म्हणजे शेटजींच्या मंडळी. तव्यावरची भाकरी फुगली, करपली, तरी ठमाबाईचा हात हलेना.

चांगदेवनं समजुतीचं बोलायला तोंड उघडलं. बायकोच्या रागापुढं समजुतीचं बोलू नये हे त्याला एवढ्या वर्षांत उमगलं नव्हतं. "त्यांच्या घरचीच पेंड ना. गाई खाऊन-पिऊन सुखी."

"मंग तुमी बी जावा तिथं. दावनीला एक जागा आसंल."

दुसऱ्या दिवशी पेंडीचं निमित्त काढून ठमाबाई एसटीनं नारायणगावला. पेंड राहिली बाजूला, ती दुकानातून थेट मागच्या दारी. प्यारीबाई टाकीपाशीच बसून मेथी निवडत होती.

"अगं बाई, ठमाबाय! या, या. चहा टाकते."

"च्या ऱ्हाऊ द्या शेठानी. तुमी टाकीला काय घालता ते बघाया आली."

प्यारीबाई हसत सुटली. "माझी टाकी बघायला एसटीनं? आमचे शेटजी घरात राहून कधी बघत नाहीत."

ठमाबाई कुंडीवर वाकली. शेणकाला नेहमीचाच. बाजूच्या बादलीत स्वयंपाकघरातला ओला कचरा: भोपळ्याची सालं, मेथीच्या काड्या, डाळीचं धुवण. तिनं चक्क काडीनं उकरून पाहिलं.

"कांद्याची सालं कुटं टाकता?"

"काय बोलताय? आमच्या घरी कांदा येतो कधी? जैनाचं घर ना हे! लसूणही नाही."

हे ठमाबाईला काय नव्यानं कळत होतं? या घरी जेवून, 'पोहं लई ग्वाड, पर कांद्याबिगर' असं मागं गावभर सांगणारी तीच. पण माहीत असणं वेगळं आणि डोक्यात प्रकाश पडणं वेगळं.

"एकदा गड्यांनी त्यांच्या डब्यातला उरलेला कांदा सोडला हो या कुंडीत," प्यारीबाई नाक मुरडत म्हणाली. "दोन दिवस शेगडीला असा घाण वास, कुजक्या अंड्यासारखा! आमचे शेटजी चहासुद्धा प्याले नाहीत. तेव्हापासून बादलीवर माझा पहारा."

कुजकं अंडं. गंधकाचा वास असाच असतो, असं हर्षालीनं सांगितलं होतं. आणि ज्याला आपण तेज म्हणून मिरवत होतो तो वास? ठमाबाईनं समोर आलेला चहा एका घोटात संपवला, जीभ पोळली तरी बोलली नाही, आणि पेंड न घेताच एसटीत बसली.

घरी येऊन तिनं ठरवलं: गप्प राहायचं आणि सुधारायचं. बराखीतला सडका कांदा लांबच्या बांधावर पुरला. कुंडीत शेण आणि पाणी, बस्. कुणाला कळायचं कारण नाही. पुढच्या ट्यूबला चकती चालेल, गाव विषयात राहील, आपली टाकी डेअरीवर ताठ मानेनं नांदेल. बेत उत्तम होता. फसायचं त्याला एकच कारण होतं, तो पार पडला.

त्या चाचणीला हर्षालीनं घाईत तपासणीचा कागद धरलाच नाही. चकती दिवसभर ठाम चालली आणि हर्षाली मंचरहून पेढे घेऊन घरी आली.

"आई, जमलं! या वेळी सेरिया वाढवून नवा थर दिला होता. तुमच्याच गॅसवर चालली, जराही घसरली नाही. म्हणजे गंधकावर माझा थर भारी पडला! सर म्हणाले, आता हे लिहून काढ. पुण्याच्या परिषदेत वाचायचं."

ठमाबाईनं पेढा हातात घेतला. तोंडात घातला नाही.

"नव्या थरानंच झालं व्हय?"

"मग आणखी कशानं? दुसरं काही बदललंच नाही ना आपण!"

हर्षाली आत गेली, भरतला फोन लावला, फोनवर हसली. या पोरीला असं हसताना ठमाबाईनं बऱ्याच महिन्यांत ऐकलं नव्हतं. पडवीत चांगदेव दुसरा पेढा उचलत होता. ठमाबाईनं त्याला कांद्याचं सगळं सांगितलं.

"गप ऱ्हा," तो म्हणाला. "पोरगी खूश. टाकी खूश. तू कशापायी कांदा सोलती?"

"आन् उद्या कुनी म्हनलं, लावा आमच्या गावच्या गॅसवर, आन् बसली चकती मान टाकून?"

"तवाचं तवा."

"तवा नाव कुनाचं जाईल? तुमचं का टाकीचं? त्यो थर माझ्या सुनंच्या नावावर हाय."

एवढं बोलून ती स्वतःच दचकली. सुनेला कधी तोंडावर 'माझी' म्हणाली नव्हती, आणि आज म्हणाली तीही चांगदेवच्या पुढ्यात, ज्याचं लक्ष पेढ्यात.

पण सांगायचं कसं? चुकलं म्हणणं ठमाबाईला येत नसे. काही माणसांना शीळ येत नाही, तसं. तिनं दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. शेवटी तिनं बोलणं सोडलं आणि सकाळी हर्षाली स्कूटी बाहेर काढत असताना, तिच्या डोळ्यांदेखत, सडक्या कांद्याची भरली पाटी कुंडीत पालथी केली.

हर्षाली स्कूटी तशीच ठेवून धावत आली. "आई! काय करताय? कांदा?"

"कांदाच."

"टाकीत कांदा घालायला लागलात? आत्ता? मी सगळं लिहायला घेतलंय आणि..."

"आत्ता न्हाई. आधीपास्नं. तू ट्यूब न्यायची म्हनली की घालायची मी. ह्या बारीलाच घातला न्हाई."

हर्षालीनं कुंडीकडं बघितलं, पाटीकडं बघितलं. गेल्या सगळ्या चाचण्या तिच्या डोळ्यांपुढून उलट्या क्रमानं गेल्या असणार, कारण तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"मी विचारलं होतं तुम्हाला! इथंच उभी राहून विचारलं होतं, काय घालता म्हणून!"

"तू रोजचं इचारलं. पाव्हनचाराचं कुटं इचारलंस?"

"पाहुणचार? टाकीचा?"

"तुज्या सायबांकडं जायाचा गॅस. त्याला का साधं पाठवू?"

"माझे किती दिवस गेले, आई! आणि माझा थर... तो चाललाच नसेल. नुसताच स्वच्छ गॅस होता तो!"

"म्हनून तर घातला. ही ट्यूब ने, तुजी जुनी चकती लाव, नवी बी लाव. काय हाय ते दिसंल. मंग लिही."

हर्षालीनं स्कूटी काढली आणि निघून गेली. मात्र ज्या दिवशी ड्रम वर आला, त्या सकाळी ती ट्यूब घेऊन आली, भरू लागली आणि बघितलं तर सासू पदर खोचून स्कूटीवर बसलेली. मग ट्यूब कुठं बांधायची? ट्यूब ठमाबाईनं गळ्यात घातली. टपरीवाल्यानं तोंड उघडलं, ठमाबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि त्यानं ते मिटलं.

प्रयोगशाळेत दोन भट्ट्या. एकीत साधी निकेलची चकती, दुसरीत सेरियावाली. मधली किसाची नळी हर्षालीनं स्वतःच काढून टाकली. झालं तर आता पुरतंच होऊ दे, अशा आवेशात. सर हाताची घडी घालून उभे होते. त्यांना सगळं सांगून झालं होतं, आणि सांगताना हर्षालीनं 'माझ्या सासूबाई' एवढाच उल्लेख केला होता. विशेषणं गिळली होती.

गॅस सोडला. साध्या चकतीचा आकडा बघता बघता कोसळला, विहिरीत बादली सुटावी तसा. सेरियावालीचाही उतरू लागला. हर्षालीनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. आकडा उतरला, अजून उतरला, आणि मग हळू झाला. थबकला. दुपारपर्यंत तो तिथंच होता: पहिल्यापेक्षा कमी, पण उभा.

"पडली का ऱ्हायली?" ठमाबाईनं विचारलं.

"राहिली," हर्षाली म्हणाली. "मला वाटलं होतं त्याच्या निम्मीच चांगली आहे. पण राहिली."

"हर्षाली, परवाचं लिहिलेलं फाडून टाक," सर म्हणाले. "तो प्रयोगच नव्हता. स्वच्छ गॅसवर कुणाचीही चकती चालेल. प्रयोग हा आहे." मग ते ठमाबाईकडं वळले आणि एकदम आदरानं म्हणाले, "आजी, हाच गॅस लागेल आता आम्हाला. असाच, कांद्याचा. दर आठवड्याला मिळेल?"

ठमाबाईनं पदर सावरला. प्यारीबाईच्या टाकीला हे जन्मात जमणार नव्हतं, हे तिला तिथल्या तिथं कळलं. पण ते मनातच ठेवून ती गंभीर झाली.

"दर आठवड्याला कसं जमंल सायेब? आमचा कांदा असातसा न्हाई. बराखीत चांगला टिकतो. सडायला येळ लागंल त्याला."

"लवकर सडवायचा काही उपाय?" सरांनी अगदी मनापासून विचारलं.

"आमचा कांदा? सडवायचा?" ठमाबाई कडाडली. "येवढं शिकून हेच का वो सायेब? आमी खत-पानी घालून टिकवायचा आन् तुमी..."

सर गोंधळून हर्षालीकडं बघायला लागले. हर्षालीनं भिंतीकडं तोंड फिरवलं होतं. तिचे खांदे हलत होते. ठमाबाईला क्षणभर वाटलं पोरगी रडतेय, म्हणून ती पुढं झाली. आणि जवळ जाऊन बघते तर ही बया पोट धरून हसत होती, आणि हसता हसता तिनं सासूचाच पदर तोंडात कोंबला होता.